एका घरात तीन मतपत्रिका

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेर, गेली 22 वर्षं राहतो. हे मूळचे कोल्हापूरचे, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. मुलगी इथेच जन्मली, आता 21 वर्षांची आहे, अ‍ॅन आर्बरला विद्यापीठात शिकते. 2024 साली तिने पहिल्यांदा मत दिलं. फेब्रुवारीत, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत, बायडेन यांच्याऐवजी तिने 'अनकमिटेड'पुढे, म्हणजे 'कुणालाही बांधील नाही'पुढे, खूण केली, गाझातल्या युद्धावरून. ते यांनी खपवून घेतलं. नोव्हेंबरमध्ये मात्र तिने अध्यक्षपदाचा रकाना कोराच ठेवला. निकालाच्या सकाळी हे तिला म्हणाले, "तुझ्यामुळे हरलो." ती म्हणाली, "मिशिगनने युद्धाविरुद्ध कौल दिलाय बाबा, तुम्हाला तो वाचता येत नाही." यांचं म्हणणं असं की परराष्ट्र धोरणावर इथे कुणी मत देत नाही, लोक अंड्यांचा भाव बघतात.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ती सुट्टीत घरी आली की जेवताना मी मधल्या खुर्चीत. "आई, बाबांना सांग, मीठ इकडे द्या." मीठ असतं यांच्या हाताशी!

आता ऑगस्टमधली प्रायमरी येतेय, मग नोव्हेंबर. आमच्या मतपत्रिका टपालाने येतात. हे चहा घेऊन तिन्ही समोर मांडतात, एकेक नाव वाचून दाखवतात, मग आम्ही खुणा करतो. त्या वर्षी ती आपली मतपत्रिका उचलून खोलीत गेली आणि दार लावलं. ठिणगी तिथेच पडली.

दूरच्या युद्धावरून मत द्यावं का? दोघांत बरोबर कोण? आणि ऑगस्टमध्ये मी काय करू?

– मधल्या खुर्चीतली

*

प्रिय मधल्या खुर्चीतली,

मिठाची ओळ वाचून मी आधी हसले. मग माहेरची आठवण झाली. आमचे आप्पा काँग्रेसचे आणि थोरला भाऊ संयुक्त महाराष्ट्र समितीचा. 1957च्या निवडणुकीपासून मुंबई मिळेपर्यंत दोघांमधला सगळा पत्रव्यवहार आईच्या तोंडून चालायचा, मध्ये आमटीचं पातेलं. तुमची खुर्ची मला चांगली माहीत आहे. त्यात बसणाऱ्या बाईला वाटतं की आपण न्यायाधीश आहोत. असते ती टपाल खात्यात.

यजमान इंजिनिअर आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्या आकड्यांपासून. मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे 80 हजार मतांनी जिंकलं. फेब्रुवारीत 'अनकमिटेड'ला 1 लाखाहून जास्त मतं पडली होती. दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, लागला हिशेब. पण अध्यक्ष ठरतो तो राज्यवार इलेक्टोरल मतांनी, आणि मिशिगनची ती 15. बायडेन यांच्या जागी उभ्या राहिलेल्या हॅरिस यांना देशभरात मिळाली 226. बेरीज 241, आणि लागतात 270. तुमच्या लेकीने, तिच्या वसतिगृहाने आणि अरब वस्तीच्या अख्ख्या डिअरबॉर्न शहराने एकगठ्ठा हॅरिस यांना मत दिलं असतं, तरी व्हाइट हाउसमध्ये बसले असते तेच. 'तुझ्यामुळे हरलो' हे गणितात बसत नाही आणि ते त्यांनी मागे घ्यायला हवं. मोठी माफी वगैरे नको. "माझी बेरीज चुकली" एवढं म्हणाले तरी पुष्कळ.

आता लेकीकडे वळते, कारण तिचंही विधान तितकंच कच्चं आहे. 'मिशिगनने युद्धाविरुद्ध कौल दिला.' डिअरबॉर्न घेऊ, तुमच्यापासून लांब नाही, आणि गाझाचं दुःख तिथल्याइतकं अमेरिकेत क्वचितच कुठे घराघरांत शिरलं असेल. तिथे ट्रम्प यांना साधारण 42 टक्के मतं पडली, हॅरिस यांना 36 आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 18. त्या 42 टक्क्यांनी नेमकं काय म्हटलं? कुणी बायडेन-हॅरिस यांना शिक्षा केली, कुणी 'मी युद्धं थांबवीन' यावर विश्वास ठेवला, कुणी महागाई बघितली असेल. मतपत्रिकेवर खूण करायला जागा असते, कारण लिहायला नसते. देशभरातल्या मतदानोत्तर चाचणीत 'माझ्या मतामागे पहिला मुद्दा परराष्ट्र धोरण' असं सांगणारे शंभरात 4 निघाले. म्हणजे अंड्यांच्या बाबतीत बाबा अगदीच चुकलेले नाहीत.

हे मी पेपर वाचून सांगत नाही. एकाच घरात, एकाच जिन्याखाली, हे घडताना मी बघितलंय.

1967च्या सप्टेंबरमध्ये मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आले, नवऱ्याच्या मागून. ते तिथे मृदाशास्त्रात पीएचडी करत होते. एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या घेतल्या. शेजारच्या खोलीत इतिहासाचा एक विद्यार्थी, तांबूस दाढीवाला. न्हाणीघर सामाईक. घरमालकीणबाई लोकांच्या शर्टांना इस्त्री करून पैसे मिळवायच्या. त्यांचा मुलगा 19 वर्षांचा, मरीन म्हणून व्हिएतनाममध्ये दा नांगजवळ होता. त्याची पत्रं त्या पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवायच्या. पत्र हातात दिलं की बोटांना पीठ लागायचं.

31 मार्च 1968, रविवार. पाडवा नुकताच होऊन गेला होता. रात्री अध्यक्ष जॉन्सन बोलणार म्हणून बाईंनी आम्हाला खाली टीव्हीपुढे बोलावलं. व्हिएतनाममध्ये तेव्हा अमेरिकेचे 5 लाखांच्या वर सैनिक होते. जानेवारीच्या शेवटी, तिकडच्या नववर्षाच्या सणात, कम्युनिस्टांनी शहराशहरांवर एकाच वेळी हल्ले केले होते आणि 'युद्ध संपत आलंय' असं सांगणारं सरकार तोंडघशी पडलं होतं. जॉन्सन बराच वेळ बॉम्बफेक कमी करण्याबद्दल बोलत राहिले. शेवटी, जाता जाता सांगावं तसं, म्हणाले की मी पुन्हा अध्यक्षपदासाठी उभा राहणार नाही, पक्षाने दिली तरी उमेदवारी घेणार नाही. दाढीवाला जिन्यात नाचायला लागला. बाईंनी इस्त्रीची पिन उपटली आणि विचारलं, "मग माझा मुलगा कधी येणार?" आम्ही चौघं होतो. उत्तर एकाकडेही नव्हतं.

दोनच दिवसांनी विस्कॉन्सिनची प्रायमरी होती. दाढीवाला आता दाढीवाला राहिला नव्हता. युजीन मॅकार्थी या युद्धविरोधी सिनेटरसाठी दारोदार फिरायचं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना बिचकवू नका, चकाचक दाढी करा, असा त्या पोरांत दंडकच होता. त्याने अर्थात मॅकार्थींना मत दिलं. आणि घरमालकीणबाईंनी? त्यांनीही मॅकार्थींनाच! मला वाटलं, मुलासाठी दिलं असेल, शांततेसाठी. बाई म्हणाल्या, "छे, जॉन्सन आमच्या पोरांना एक हात पाठीशी बांधून लढायला लावतो, म्हणून दिलं." त्यांना अधिक बॉम्ब हवे होते. वरच्या मजल्याला एकही नको होता. दोघांची खूण एकाच नावापुढे. मॅकार्थींना 56 टक्के मतं पडली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा शांततावाद्यांच्या विजयाची.

बाई काही एकट्या नव्हत्या. त्याआधी 12 मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींनी 42 टक्के मतं घेऊन जॉन्सन यांना हादरवलं होतं. जॉन्सन यांना 49 टक्के पडली होती, तीही मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी हाताने लिहून. तरी हवा अशी झाली की अध्यक्ष हरले. पुढल्या वर्षी अभ्यासकांनी त्या मतदारांच्या मुलाखती तपासल्या. व्हिएतनामवरून जॉन्सन यांच्यावर चिडलेल्या मॅकार्थी-मतदारांत 'हा पुरेसा कडक नाही' म्हणणारे जास्त निघाले, 'हा युद्धखोर आहे' म्हणणारे कमी. प्रमाण जवळजवळ तीनास दोन. हे अभ्यासक मिशिगन विद्यापीठाचे होते. लेकीला सांगा, तिच्याच ग्रंथालयात सापडेल.

म्हणून मी तिच्या दोन मतांमध्ये फरक करते. फेब्रुवारीतलं मत मला हुशारीचं वाटलं. 'अनकमिटेड' हा रकाना मोजला जातो, त्याचा आकडा जाहीर होतो, आणि त्या वेळी 'युद्धावरून नाराजी' हा एकच अर्थ मोहीम चालवणाऱ्यांनी आधीपासून ओरडून ओरडून त्याला चिकटवला होता. त्या मतांवर मिशिगनमधून 2 प्रतिनिधी ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाला गेले. तिथे त्यांच्या गटाला व्यासपीठावरून बोलू दिलं नाही, ही पक्षाची कंजुषी. पण निदान 'बोलू दिलं नाही' याची बातमी तरी झाली. नोव्हेंबरचा कोरा रकाना यंत्रातून गेला आणि त्याची बातमी कुणी केली नाही. त्यात तुमची मुलगी आहे, घाईत पान उलटणारा एखादा आजोबा आहे आणि दोन्ही उमेदवार न आवडणारा एखादा आळशी आहे, आणि तिघं सारखेच दिसतात.

मॅडिसनच्या त्या मुलानेही नोव्हेंबर 1968मध्ये रकाना कोराच ठेवला होता. त्याचा राग समजण्यासारखा होता. एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. ऑगस्टमध्ये शिकागोला पोलिसांनी पोरांना झोडपलं, आणि आत सभागृहात उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढलेल्या ह्युबर्ट हम्फ्रे यांना. हम्फ्रे जॉन्सन यांचे उपाध्यक्ष. अध्यक्षाच्या युद्धाविरुद्ध बोलावं तर बेइमानी, न बोलावं तर हार. (हॅरिस यांची अडचण बघताना मला ते सारखे आठवत होते.) शेवटी 30 सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात ते म्हणाले की मी बॉम्बफेक थांबवायची जोखीम घेईन. तिथून त्यांची मतं चढायला लागली. उशीर झाला होता, पण चढली.

आणि मग ऑक्टोबरचा शेवट. हा भाग यजमानांना जरूर वाचून दाखवा, कारण निवडणूक युद्धावर कशी स्वार होते ते इथे दिसतं. 31 ऑक्टोबरला, मतदानाला 5 दिवस उरले असताना, जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक पूर्ण थांबवली. पॅरिसच्या वाटाघाटींत आता अमेरिकेच्या बाजूचं दक्षिण व्हिएतनामही बसणार अशी आशा झाली. 2 नोव्हेंबरला दक्षिणेचे अध्यक्ष थिउ म्हणाले, आम्ही येत नाही. पडद्यामागे हम्फ्रे यांचे प्रतिस्पर्धी निक्सन यांच्या बाजूने अ‍ॅना शेनॉल्ट या बाई दक्षिण व्हिएतनामच्या राजदूताकरवी निरोप पोचवत होत्या की थांबा, आमचं राज्य आलं की तुमचं जास्त भलं होईल. जॉन्सन यांना हे गुप्तहेरांकडून कळलं होतं. खासगीत त्यांनी त्याला देशद्रोह म्हटलं, जाहीर मात्र काहीच केलं नाही. कागद एका पाकिटात सीलबंद झाले, वर '50 वर्षं उघडू नये' अशी सूचना. ते 1990च्या दशकातच उघडलं गेलं. पुढे निक्सन यांच्या सहकाऱ्याच्या टिपणांतूनही कळलं की या वाटाघाटींत खोडा घालायच्या गोष्टी खुद्द निक्सन करत होते.

निक्सन जिंकले. 7 कोटींवर मतं पडली आणि फरक होता सुमारे 5 लाखांचा, म्हणजे एक टक्काही नाही. थिउ पॅरिसला गेले असते तर शांतता झाली असती का, कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर लगेच झाली नसती. पण निक्सन आल्यानंतर आणखी 20 हजारांवर अमेरिकन सैनिक मेले आणि तिकडचे किती, ते कुणी धड मोजलंही नाही. घरमालकीणबाईंनी निक्सन यांना मत दिलं होतं, कारण ते युद्ध संपवीन म्हणाले होते. कसं, ते सांगितलं नव्हतं. बाईंचा मुलगा 1969 साली घरी आला, धडधाकट. तोंड मिटून त्याने गळकं छप्पर दुरुस्त केलं, तळघरातली भट्टी साफ केली. आईने एकदा विचारलं, तू कुणाला मत दिलं असतंस रे? तो म्हणाला, मला कुठे मत आहे. तो 20 वर्षांचा होता आणि मताचं वय 21. लढायला 18 चालायचं. ते वय खाली आलं 1971 साली, आणि तुमच्या लेकीला 19व्या वर्षी हातात मतपत्रिका मिळाली ती त्यामुळे. युद्धाने अमेरिकन निवडणुकीत कायमचा केलेला बदल कुणी विचारला तर मी आधी हाच सांगेन.

आता 'परराष्ट्र धोरणावर कुणी मत देत नाही' हे यजमानांचं वाक्य. कोल्हापूरच्या माणसाने हे म्हणावं? 1952 साली अमेरिकेला कोरियाच्या युद्धाचा वीट आला होता. वाटाघाटी 1951च्या जुलैपासून चालू होत्या आणि शेवटी एकाच गोष्टीवर अडल्या होत्या: ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परत जायचं नाही त्यांचं काय करायचं. अध्यक्ष ट्रूमन यांची लोकप्रियता 22 टक्क्यांवर घसरली होती, न्यू हॅम्पशायरची प्रायमरी हरल्यावर त्यांनी नाद सोडला. मग 24 ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये, तुमच्या गावातच, जनरल आयझेनहॉवर म्हणाले, "मी कोरियाला जाईन." एवढंच. गेल्यावर काय करणार, एक अक्षर नाही. पण बोलणारा माणूस दुसऱ्या महायुद्धाचा सेनापती होता. 48पैकी 39 राज्यं त्यांनी जिंकली. डिसेंबरमध्ये खरंच जाऊन आले, आणि 27 जुलै 1953ला युद्धविराम झाला. त्या अडलेल्या कैद्यांना, सुमारे 23 हजार जणांना, ताब्यात घेऊन सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. डेट्रॉइटच्या सभेत निघालेला विषय शेवटी वडगावच्या पाटलांच्या अंगावर येऊन पडला. यजमानांच्या घरात थोरातांचं नाव ठाऊक असेल. नसेल तर वडीलधाऱ्यांना फोन करून विचारा म्हणावं.

अर्थात त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. थोरल्या बुश यांनी कुवेत सोडवलं तेव्हा, 1991च्या फेब्रुवारीअखेर, शंभरातले 89 लोक त्यांच्यावर खूश होते. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतं पडली 37 टक्के. मधल्या काळात नोकऱ्या गेल्या होत्या. जिंकलेल्या युद्धाचं पुण्य फार लवकर संपतं. न संपणाऱ्या युद्धाचं पाप मात्र साचत जातं, आणि तेही बहुधा सत्ताधारी पक्षाच्या स्वतःच्याच घरात. 1968ला डेमोक्रॅट डेमोक्रॅटांशी भांडले. 2008ला ओबामांनी हिलरी क्लिंटन यांना मागे टाकलं, त्यात इराक युद्धाला 2002 साली क्लिंटन यांनी दिलेल्या मताचा मोठा वाटा होता. 2024ला तुमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते या परंपरेला धरूनच आहे. बापलेक एकाच पक्षाचे आहेत, म्हणून तर इतकं लागलं! शेजारचे काका दुसऱ्या पक्षाला मत देतात, त्यांना तुम्ही दिवाळीचा फराळ देत असाल.

निकाल युद्धाविरुद्ध गेला की युद्ध थांबतं, असंही समजू नका. 2006च्या मध्यावधीत (ही मध्यावधी म्हणजे आपल्याकडची सरकार पडल्यावरची नव्हे, दर 4 वर्षांच्या मधली ठरलेली) लोकांनी इराकवरून धाकट्या बुश यांच्या पक्षाची दोन्ही सभागृहं काढून घेतली. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड गेले. आणि जानेवारीत बुश यांनी काय केलं? इराकमध्ये 20 हजारांहून जास्त सैनिक आणखी पाठवले. लेकीला हे नक्की सांगा. ती संतापेल, पण संतापाला योग्य पत्ता मिळेल.

तो पत्ता म्हणजे काँग्रेस, तिथली संसद. व्हिएतनाम संपवण्यात मला निक्सन यांच्यापेक्षा तिचा हात मोठा दिसतो. 1972ला निवडणुकीच्या तोंडावर निक्सन यांचे सल्लागार किसिंजर म्हणाले, शांतता हातातोंडाशी आलीय. निक्सन यांनी 49 राज्यं जिंकली आणि नाताळात हनोईवर बॉम्बचा पाऊस पाडला. 1971च्या युद्धात त्यांनी आपल्यावर सातवं आरमार धाडलं, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. 49 राज्यांत त्यावरून कुणाची झोप उडाली असेल असं मला वाटत नाही. पण 1973च्या उन्हाळ्यात संसदेने पैसेच बंद केले. 15 ऑगस्टनंतर कंबोडियावर बॉम्ब टाकायला तरतूदच उरली नाही आणि विमानं थांबली. यातले प्रतिनिधीगृहाचे खासदार दर 2 वर्षांनी लोकांपुढे उभे राहतात, घरच्या मतदारसंघात, शाळेच्या जिममध्ये सभा घेतात आणि सहाशे लोक जमले तरी घाबरतात. त्यांची उमेदवारी ठरते ऑगस्टच्या प्रायमरीत. तिथे येतात थोडे लोक, त्यामुळे एकेका मताचं वजन नोव्हेंबरपेक्षा जास्त असतं. तेव्हा दूरच्या युद्धावरून मत द्यावं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जरूर द्यावं, आणि त्यासाठी 4 वर्षं थांबू नये. शस्त्रांच्या विक्रीवर, युद्धाच्या निधीवर तुमच्या खासदाराने आजवर कसं मत दिलं ते जाहीर असतं. बाबांना हिशेब आवडतो, त्यांनी तो तक्ता काढावा. लेकीला प्रश्न विचारायला आवडतं, तिने सभेत उठून विचारावा.

आता घरातलं. एक तांत्रिक गोष्ट आधी, कारण त्यावरून मतं बाद होतात. मिशिगनच्या ऑगस्टच्या प्रायमरीत मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी असतात, आणि खुणा एकाच पक्षाच्या रकान्यात करायच्या असतात. दोन्हीकडे केल्या तर तो सगळा भाग बाद. टपालाच्या मतपत्रिकेबरोबर एक गुप्ततेची खोळ येते आणि बाहेरच्या पाकिटावर ज्याची त्याने सही करायची असते.

त्या खोळीबद्दलच मला बोलायचंय. तुम्ही लिहिता की यजमान तिन्ही मतपत्रिका मांडून नावं वाचून दाखवतात. अमेरिकेतल्या कितीतरी आपल्या घरांत हेच चालतं. आमच्याकडेही चाललं. मला नागरिकत्व मिळाल्यावर पहिली दोन मतं माझ्या नवऱ्याने 'समजावून' दिली होती. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता, ते आयकराचे कागदही तसेच भरायचे. पण मतपत्रिका म्हणजे आयकर नव्हे. मत गुप्त असतं ते घरच्यांपासूनसुद्धा, आणि तुमच्या मुलीने दार लावून घेतलं त्यात गाझा निम्मंच होतं. उरलेलं निम्मं त्या चहाच्या टेबलाबद्दल होतं, आणि यजमानांना टोचलं ते बहुधा तेच. हे त्यांना तोंडावर सांगू नका. फक्त या वेळी मतपत्रिका आल्या की तुम्ही पेटीतून काढा आणि ज्याची त्याच्या खोलीत नेऊन ठेवा.

दोघांत बरोबर कोण, हे मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. तुमच्या तीन पानी पत्रात यजमानांनी कुणाला मत दिलं ते आहे, लेकीने कुणाला दिलं नाही ते आहे. तुम्ही कुणाला दिलंत, त्या युद्धाबद्दल तुम्हाला काय वाटलं, यावर एक ओळ नाही. मला कळवू नका. त्या दोघांनाही सांगायची सक्ती नाही.

आणि यापुढे निरोप पोचवणं बंद. जेवायला बसताना मीठ यजमानांच्याच हाताशी राहू द्या, लोणच्याची बरणी लेकीच्या बाजूला सरकवा, आणि तुम्ही काहीतरी गॅसवर राहिलंय म्हणून उठा.

– मावशी